एका यार्डाचा वाद

माझ्या फोनवर आमच्या टीमच्या फॅन लोकांचा एक ग्रुप आहे. शनिवारची मॅच संपली की तो रविवार संध्याकाळपर्यंत घुमत असतो, आणि वाद ठरलेला. एकच यार्ड हवा असताना क्वार्टरबॅकनं पाच यार्ड मागे उभं राहून बॉल का घ्यायचा? सेंटरच्या पाठीला चिकटून उभं राहायला काय होतं? मागून दोघांनी ढकलायचं का? मी आता अ‍ॅरिझोनात चँडलरला राहते. टीम न्यू जर्सीतल्या विद्यापीठाची, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची. माझा एक गुडघा बदलून झालाय आणि दुसरा रांगेत आहे, तरी एका यार्डाचा विषय निघाला की मी चहा गार होऊ देते. परवा कुणा पोरानं लिहिलं, जुन्या जमान्यातल्या लोकांनी आता गप्प बसावं. मी गप्प बसले नाही. गप्प बसणं माझं एका रविवारी दुपारी कायमचं सुटलं. कसं सुटलं, त्यात कोण दुखावलं, आणि मी त्याबद्दल आजवर माफी का मागितली नाही, हे लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

ज्यांना हा खेळ, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सेंटर वाकून बॉल मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेऊन खेळ चालवतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही गेलात तर बॉल समोरच्यांचा. तीन प्रयत्नांत नऊ यार्ड झाले आणि चौथ्याला एकच उरला, की त्याला म्हणतात फोर्थ अँड वन. एक यार्ड म्हणजे मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल. फक्त त्या पावलाच्या आड म्हशीएवढ्या ताकदीची पाच-सहा माणसं वाकून उभी असतात. अशा वेळी दोन रस्ते असतात. बॉल घेऊन सरळ त्यांच्यात घुसायचं, नाहीतर गर्दी टाळून बाजूनं पळत, लांबचा वळसा घालून जायचं. आमचे तेव्हाचे कोच वळसेवाले होते. थर्ड अँड वन असो की फोर्थ अँड वन, बॉल हातात आला की पोरगं निघालं आडवं पळत, आणि बाबा निघाले सोफ्यावरून खाली.

आम्ही पिस्कॅटवेत राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये. मी चौदा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो. बाबांना विद्यापीठाच्या पॉवरहाउसमध्ये नोकरी होती. सगळ्या कॅम्पसला वाफ आणि गार पाणी पुरवणारी ती मशिनं सांभाळायची. घरी यायचे तेव्हा त्यांच्या जॅकेटला तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. आई नागपूरला शाळेत शिकवायची, इथं एका डे-केअरमध्ये मुलांची नाकं पुसायची आणि संध्याकाळी ते सगळं कुकरवर काढायची. गुरुवारपासून विद्यापीठाच्या बँडची प्रॅक्टिस सुरू व्हायची. लांबून ढोल ऐकू यायचा, त्यात आमच्या कुकरची शिट्टी मिसळायची, आणि घरभर तर्रीचा वास सुटायचा. नागपूरच्या माणसाला नुसते पोहे म्हणजे आजाऱ्याचं जेवण. त्यावर चण्याची लालभडक, तेल तरंगणारी तर्री हवी. शनिवारच्या डब्यासाठी आई शुक्रवारी चणे भिजत घालायची आणि बाबा त्यातले मूठभर पळवायचे. वर्तमानपत्र पसरून त्यावर अकरा चणे आणि समोर अकरा वाटाणे मांडायचे. "हा बघ, हा गार्ड. ह्यानं फक्त खाली वाकून ढकलायचं. जो खाली राहिला त्याचा यार्ड." बाबा तरुणपणी वस्तीच्या संघात कबड्डी खेळलेले. गर्दीतून हात लांब करून रेषा कशी गाठायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चण्यांवर भागलं नाही की ते स्वतः कार्पेटवर चार पायांवर उतरायचे आणि मला म्हणायचे, "ये, अडव मला." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "माह्या चण्याले हात नका लावू म्हटलं ना!"

घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही बौद्ध. आमच्या समाजातल्या प्रत्येक घरात असतो तसा निळ्या कोटातला तो फोटो आमच्याकडेही होता, नागपूरहून साड्यांत गुंडाळून आणलेला. नागपूरला तो बाहेरच्या खोलीत, दारातून शिरल्याबरोबर समोर दिसायचा. पिस्कॅटवेत तो आतल्या बेडरूममध्ये, कपाटाच्या वर लागला. मी कारण विचारलं तर बाबा म्हणाले, हॉलच्या भिंतीतून टीव्हीची वायर गेलीय, खिळा मारता येत नाही. आईनं माझ्याकडे बघितलं आणि कणीक तिंबायला लागली. ती त्या दिवशी कणकेवर जरा जास्तच जोर काढत होती.

बाबांना फुटबॉलची गोडी लावली दामले काकांनी. काका मूळचे पुण्याचे, औषधांच्या कंपनीत केमिस्ट, आमच्या कितीतरी आधी आलेले. इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कढीपत्ता निवडताना त्यांनी आईबाबांचं मराठी ऐकलं आणि तिथल्या तिथे आम्हाला गाडीत घालून घरी जेवायला नेलं. पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगात जो कोट होता तो त्यांच्या मुलीचा. बाबांना ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते वाचून कुणी काकांना दुष्ट ठरवलं तर ते खरं नाही. पुढे त्यांनीच बाबांना सीझन तिकीट घ्यायला लावलं. दर शनिवारी सव्वाअकराला त्यांची व्हॅन आमच्या खाली यायची. मॅचआधीच्या जेवणाला स्टेडियमच्या पार्किंगमध्ये दामल्यांचं आणि आणखी दोन मराठी कुटुंबांचं टेबल लागायचं. काकूंचे बटाटेवडे, आईचे पोहे, कुणाच्या तरी घरची शेव, आणि आजूबाजूला अमेरिकन लोकांची बर्गर आणि धुराची जत्रा.

त्या पहिल्या जेवणातच काकूंनी विचारलं होतं, "आर. डी. म्हणजे काय हो?" पॉवरहाउसमध्ये सगळे बाबांना आर. डी. म्हणत, आणि बाबांनीही स्वतःची ओळख तशीच करून दिली होती. ते उत्तर द्यायच्या आत काकूच म्हणाल्या, "डी म्हणजे देशपांडेच असणार. नागपूरला ढिगानं देशपांडे." बाबा हसले. फक्त हसले. ते एक हसणं आम्हाला दोन सीझन पुरलं. काकांच्या फोनच्या यादीत बाबा देशपांडे झाले, आई देशपांडे वहिनी झाली, आणि मी बेबी देशपांडे. घरी आल्यावर आई पायातल्या चपला भिरकवायची. "मी कोनाची देशपांडे? काहून सांगत नाही तुम्ही?" बाबा म्हणायचे, "सांगू. वेळ आली की सांगू." काकूंकडे सत्यनारायण असला की आईचं डोकं दुखायचं, अगदी कॅलेंडर बघून दुखायचं. बाबा एकटे जाऊन शिरा खाऊन यायचे. त्या रात्री आई त्यांना वाढायची नाही. "तुमच्या मायनं बावीस प्रतिज्ञा घेतल्या अन् तुम्ही प्रसाद खाऊन येता. आता पोट भरलं असन."

आणि हाच माणूस व्हॅनमध्ये बसला की सरळ घुसण्यावर व्याख्यान द्यायचा. काकांचं मत उलट होतं. "आरडी, भिंतीवर डोकं आपटायला काय अक्कल लागते? मध्ये गर्दी आहे ना, मग बाहेरून जा. धिस इज चेस, यार." बाबा मागे वळून मला साक्षीला घ्यायचे, कारण माझ्याकडे वही होती. एक-दोन यार्ड हवे असताना टीमनं काय केलं आणि काय झालं हे मी प्रत्येक मॅचला लिहून ठेवायचे. "दामलेसाहेब, एक यार्ड पुढे जायला पोरगं पंधरा यार्ड आडवं पळतं. तेवढ्यात समोरचे चहा पिऊन येतील." काका आरशातून माझ्याकडे बघत विचारायचे, "बेबी देशपांडे काय म्हणतात?" मी खिडकीबाहेर बघायचे. खेळात सरळ जा म्हणून कंठशोष करणारे माझे बाबा रोज, दर भेटीत, आमच्या नावाला वळसा घालून जात होते. मला हे सोळाव्या वर्षी लखलखीत दिसलं आणि मला त्यांचा राग यायला लागला. सोळाव्या वर्षीचा राग फार शुद्ध असतो. त्याला दुसऱ्याचं काही माहीत नसतं.

मग त्या सीझनमधली ती मॅच आली. शेवटची दोन मिनिटं, आम्ही चार पॉइंट मागे, समोरच्यांच्या हद्दीत, आणि फोर्थ अँड वन. सगळं स्टेडियम उभं. आमच्या पुढच्या रांगेत फ्रँक नावाचा एक रिटायर्ड प्लंबर बसायचा, बाबांचा त्या विषयातला एकमेव भक्त. तो मागे वळून म्हणाला, "आर. डी., दे बेटर गो स्ट्रेट." बाबांनी दोन्ही हात जोडले. बॉल आला आणि पोरगं डावीकडे आडवं पळायला लागलं. बाबांच्या तोंडून निघालं, "अबे सरळ घुस ना बे!" दामल्यांच्या पुणेरी संगतीत दोन वर्षं सांभाळलेली भाषा एका दमात गेली. पोरगं मागच्या मागे आडवं झालं. आम्ही हरलो. परत येताना व्हॅनमध्ये काका म्हणत होते की प्ले बरोबर होता, समोरच्यांना अडवणारा ब्लॉक चुकला. आम्ही उतरताना काका हसून म्हणाले, "आरडी, आज अगदी अस्सल नागपुरी बाहेर आली हं," आणि बाबांचा चेहरा पडला. ते ओरडल्याबद्दल शरमले होते. मॅच हरल्याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, जितकं त्या शरमण्याचं वाटलं.

रविवारी दुपारी रेडिओवर फॅन लोकांचा कॉल-इन शो असायचा. हरलेल्या मॅचनंतर तो ऐकायला पुरुषमंडळी दामल्यांच्या बेसमेंटमध्ये जमत. बाबा गेले होते. मी आणि आई घरी. आई कोथिंबीर निवडत होती, मी रेडिओ ऐकत होते. एक माइक एडिसनहून म्हणाला कोचला काढा, एक टोनी म्हणाला आपला फुलबॅक म्हातारा झालाय. मुद्द्याचं कुणीच बोलेना. मी वही घेतली आणि स्वयंपाकघरातल्या फोनवरून नंबर फिरवला. बराच वेळ होल्डवर होते. शेवटी एका माणसानं विचारलं, नाव काय, कुठून बोलतेस? मी म्हटलं, सुजाता, पिस्कॅटवे. आईचा हात कोथिंबिरीत थांबला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पूर्न नाव सांग. शाळेत सांगत होती तसं."

नागपूरला आमच्या शाळेत नाव विचारलं की उभं राहायचं आणि स्वतःचं, वडलांचं, मग आडनाव, असं सगळं सलग म्हणायचं. त्याला पूर्ण नाव म्हणतात आणि अर्धं सांगितलं तर बाई परत उभं करत. मी पूर्ण नाव सांगितलं. तो माणूस म्हणाला, हनी, पहिलं नाव पुरे. आणि दुसऱ्या क्षणाला माझ्या कानात होस्टचा आवाज आला, "लेट्स गो टू सू इन पिस्कॅटवे!"

मला ठाऊक होतं की दामल्यांच्या बेसमेंटमध्ये रेडिओ लागलाय. हे मला अगदी पूर्णपणे ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नव्हतं असं मी नंतर कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "माय नेम इज नॉट सू. माय नेम इज सुजाता रतन रामटेके." होस्ट म्हणाला, अरे बापरे, ही तर तीन कॉल करणाऱ्यांची नावं झाली! मी म्हटलं, तिन्ही माझीच आहेत. मग मी वही उघडली. काल तीन वेळा एक यार्ड हवा होता, तिन्ही वेळा आपण बाहेरून गेलो, तिन्ही वेळा मागे ढकलले गेलो. पळणारं पोरगं वाईट नाही, ब्लॉक वाईट नाहीत, रस्ता लांबचा आहे. क्वार्टरबॅकनं सेंटरच्या मागे चिकटून उभं राहावं, बॉल घ्यावा, खाली वाकावं आणि जावं. होस्टनं विचारलं, तुला हे कुणी शिकवलं, स्वीटहार्ट? मी म्हटलं, माझ्या वडलांनी. ते इथंच विद्यापीठाच्या पॉवरहाउसमध्ये काम करतात, आणि नागपूरला असा एक खेळ खेळायचे ज्यात श्वास धरून सात माणसांच्या गर्दीत एकट्यानं जावं लागतं. मग त्यानं माझं आडनाव दोनदा चुकीचं आणि तिसऱ्यांदा बरं म्हटलं, आणि म्हणाला, मिस रामटेके, आज दिवसभरात अकलेचं बोललेली तू पहिली. मी फोन ठेवला. आईनं कोथिंबिरीची जुडी तशीच सोडून मला जवळ घेतलं. तिच्या हातांना ओल्या मातीचा वास येत होता.

बाबा संध्याकाळी आले ते चालत. व्हॅननं सोडलं नव्हतं, की त्यांनीच नको म्हटलं, मला आजही माहीत नाही. बूट न काढता ते खुर्चीवर बसले. "तुला कुणी सांगितलं होतं?" आई म्हणाली, "मी सांगतलं." ते तिच्याकडे बघेनात. बेसमेंटमध्ये काय झालं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. रेडिओवर नाव आलं तेव्हा काकू चहा घेऊन जिन्यावरून उतरत होत्या, त्या पायरीवरच थांबल्या. काकांनी विचारलं, "आरडी, ही तुझी सुजाता ना?" मग सगळे फार काळजीपूर्वक चहा प्यायले.

मी तयार होते भांडायला. मी म्हटलं, "बाबा, यू आर द वन हू सेज गो स्ट्रेट!" ते ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "पुण्याला होस्टेलच्या मेसमध्ये चार वर्षं माझ्या टेबलाशी तीन खुर्च्या रिकाम्या असायच्या, सुजाता. पहिल्या दिवशी मी पूर्ण नाव सांगितलं होतं. इथं स्टेडियममध्ये माझ्या दोन्ही बाजूंना माणसं बसतात. मला तेवढंच हवं होतं. मला नुसती मॅच बघायची होती." मला रडू आलं. तोवर मी त्यांना भित्रा समजत होते. पण रडत रडत मी म्हटलं ते असं, "आय ॲम नॉट सॉरी." तेव्हाही नव्हते. आता माझ्या स्वतःच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या राहिल्याचा अनुभव घेऊन झालाय, एकदा ऑफिसच्या मराठी लंच ग्रुपमध्ये, अगदी अलीकडे, मोठमोठ्या डिग्र्यांच्या माणसांत. तरी नाही. बाबांना दुखवल्याचं दुःख मला आहे आणि ते जाणार नाही. नाव सांगितल्याची माफी मात्र मी कुणाजवळही मागणार नाही.

आठवडाभर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी आईनं चणे भिजत घातले. बाबा म्हणाले, "उद्या जायचं नाही." आई म्हणाली, "मंग मी अन् पोरगी जातो. तिकीट आहे ना." शनिवारी सव्वाअकराला आम्ही तिघं खाली उभे होतो. बाबा शर्टाला इस्त्री करून आले होते. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. व्हॅन आली नाही. आईनं डब्याची पिशवी उचलली आणि रस्त्याला लागली, आणि आम्ही दोघं तिच्या मागे. पाऊण तास चाललो.

टेबल नेहमीच्या जागी लागलं होतं. काका आम्हाला बघून गडबडले. "अरे, मला वाटलं तुम्ही येत नाही आज!" मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आधी सांगायचं ना यार. आमच्यात असलं काही नसतं हो." आईनं डबा उघडला, पोह्यांवर तर्री घातली, आणि पहिली प्लेट काकूंपुढे केली. काकू म्हणाल्या, "अय्या, आज माझा उपास." शेजारच्या कुटुंबातल्या वहिनींचाही उपास निघाला. तिसऱ्यांच्या घरातले तर नवराबायको दोघंही उपासाला. त्या शनिवारी अख्ख्या टेबलाला उपास होता आणि मध्यभागी काकूंच्या बटाटेवड्यांचं ताट निम्मं रिकामं होतं. काकांनी प्लेट हातात घेतली, चमचा फिरवला, आणि कुणाशी तरी बोलायला म्हणून दोन गाड्या पलीकडे गेले. येताना त्यांच्या हातात प्लेट नव्हती.

आईच्या हातात डाव तसाच धरलेला होता. मला वाटलं आता ती रडेल. तेवढ्यात फ्रँक आला. त्यानं रेडिओ ऐकला होता. तो लांबूनच ओरडत आला, "मिस रामटेके!" आणि माझा हात खांद्यापासून निखळेल इतका हलवला. मग नाक वर करून वास घेत त्यानं विचारलं, हे काय आहे? त्याला उपास नव्हता. त्यानं तीन प्लेट खाल्ल्या, डोळ्यांतून पाणी काढत, आणि जाऊन त्याच्या दोन मित्रांना घेऊन आला. आईनं त्यांनाही वाढलं. ती ताठ उभी होती आणि दर प्लेटला थोडी जास्तच तर्री घालत होती.

स्टेडियममध्ये आमच्या जागा दामल्यांना लागून. बाबा बसले. काका आले, एक जागा सोडून बसले, आणि मधल्या जागेवर त्यांनी ब्लँकेटची बॅग ठेवली. बाबांनी त्या बॅगेकडे बघितलं. तीन खुर्च्यांची गोष्ट मला सहा दिवसांपूर्वीच कळली होती, म्हणून मला त्यांच्याकडे बघवेना. पूर्वार्धभर मी वही उघडलीच नाही.

चौथ्या क्वार्टरमध्ये परत तेच. फोर्थ अँड वन, आणि आम्ही तीन पॉइंट मागे. त्या दिवशी मात्र कोचच्या मनात काय आलं कोण जाणे. क्वार्टरबॅक पुढे आला आणि सेंटरच्या पाठीला चिकटून वाकला. फ्रँक माझ्याकडे वळून किंचाळला, जणू ते माझ्यामुळेच झालं होतं. सगळे उभे राहिले. बाबा उभे राहिले आणि पोटाच्या तळापासून ओरडले, "घुस बे! सरळ घुस! खाली राहा ना बे!" आमच्या रांगेतल्या सगळ्या मराठी माना वळल्या. बाबांनी आवाज कमी केला नाही. बॉल हलला, तो पोरगा घुसला, त्याच्यावर माणसांचा ढीग पडला. पंच धावत आले, एकेकाला उचलून बाजूला केलं, साखळी आणून अंतर मोजलं. बोटभर कमी पडलं.

स्टेडियम हुश्श करून खाली बसलं. बाबा उभेच होते. काका त्या बॅगेवरून वाकून, थोडं हसत, समेटाच्या सुरात म्हणाले, "बघितलंस ना देशपां... आरडी? हेच मी सांगत होतो. काय मिळालं सरळ जाऊन?"

बाबा त्यांच्याकडे वळले. "दामलेसाहेब," ते म्हणाले, "माझं नाव रतन दौलत रामटेके. दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. आणि यार्ड नाही मिळाला, मला दिसतंय. पण पोरगं सरळ गेलं." मग त्यांनी ती ब्लँकेटची बॅग उचलून काकांच्या मांडीवर ठेवली, अगदी हळू, आणि पुढे वाकून फ्रँकला मधल्या जागेवर यायला सांगितलं. फ्रँकला काय चाललंय ते कळलं नव्हतं. तो मजेत आला आणि बसला. मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. त्यांचा माझ्यावरचा राग मात्र गेला नव्हता, आणि तो जायला आणखी कितीतरी दिवस लागले.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याजवळच असतात. फॅन ग्रुपवर त्यांचंही खातं आहे. बाकीचे तिथं कसल्या कसल्या प्राण्यांच्या नावानं लिहितात, हे मात्र पूर्ण नाव लावतात, वडलांच्या नावासकट. टीम एक यार्डासाठी बाहेरून गेली की दोनच शब्द टाकतात, गो स्ट्रेट. तरुण पोरं हसतात. हसू देत.

त्या शनिवारी घरी आल्यावर बाबांनी हातोडी मागितली. आईनं विचारलं नाही कशाला. हॉलच्या भिंतीतून वायर वगैरे काही गेलेली नव्हती. पहिला खिळा वाकला, दुसरा बसला. फोटो आतून बाहेर आला आणि दारातून शिरल्याबरोबर दिसेल असा समोर लागला. आईनं पदरानं काच पुसली.

गुरुवारी संध्याकाळी लांबून बँडचा ढोल ऐकू येत होता आणि फोन वाजला. एरवी बाबा फोन उचलून "आर. डी. हिअर" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "हॅलो, रामटेके बोलतोय." पलीकडे काका होते. त्यांचा आवाज मोठा, मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. झालं गेलं सोडून दे यार, ते म्हणत होते, शनिवारी सव्वाअकराला व्हॅन आणतो, नेहमीसारखी. बाबांनी वायरचा पीळ बोटाभोवती गुंडाळला आणि आईकडे बघितलं. आई चणे निवडत होती.

"आणा ना," बाबा म्हणाले. "पोहे खाणार असाल तर आणा."

मग काका म्हणाले, बघतो, हिला विचारून सांगतो. शनिवारी आम्ही सव्वाअकरापर्यंत थांबलोच नाही. अकराला डबा घेऊन सरळ चालत निघालो.